कृष्णाबाईच्या नावाने

रुक्मिणीबाईंनी पिशवीतून मसाल्याचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पूर्वीनं ते उचललं, आणि हाताला लागताक्षणीच तिला कळलं, हे आपलं नाही. त्यांचं पाकीट जाड आणि पिवळं. त्यावर डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीचं चित्र, खाली ठसठशीत अक्षरांत 'कृष्णाबाई'. हे पाकीट साधं, आरपार दिसणारं. कोपऱ्यात हातभर लांबूनही वाचता येणार नाही एवढंसं लेबल : 'अक्षता घरगुती मसाले, बोरिवली पश्चिम'.

"पाकीट बदललंत ते बरं केलंत," रुक्मिणीबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. त्या जोगेश्वरीच्या. वर्सोव्याला मासळी घ्यायला आल्या की मसाल्यासाठी या गल्लीत शिरायची त्यांची जुनी सवय होती. "पण त्याहून बरं म्हणजे चव परत आली. राग मानू नका हं, तुम्ही घरच्या म्हणून सांगते. मधल्या काळात मसाला चांगला होता, पण कृष्णाबाईंचा नव्हता."

"हे कुठून घेतलंत तुम्ही?"

"फोनवरून. नातीनं कृष्णाबाई मसाला म्हणून शोधलं, पहिलंच हे आलं. दुसऱ्या दिवशी घरपोच." त्यांनी पाकिटाकडे बोट दाखवलं. "यातलीच दोन द्या आज."

पूर्वीनं पाकिटाच्या तोंडाची चिमटी काढली. आधी मिरचीचा झणका आला, मग धण्याचा, आणि त्याच्या पाठोपाठ, जरा उशिरानं, दगडफुलाचा तो काळसर, धुरकट वास. सासूबाई असताना या खोलीच्या भिंतींना तो वास असायचा. त्या गेल्यावर पूर्वीनं दगडफूल किती तऱ्हांनी भाजून पाहिलं होतं. कधी कच्चं राहायचं, कधी करपायचं. मधला तो क्षण तिला कधी सापडला नव्हता.

"आज शिल्लक नाही," ती म्हणाली आणि पाकीट पुन्हा बंद करून त्यांच्या पिशवीत ठेवलं.

कृष्णाबाई म्हणजे तिची सासू. उभा जन्म अंधेरीच्या बाजारात मासळी विकली. पापलेट, सुरमई घेणाऱ्या बायकांना ती कागदाच्या पुडीत थोडा मसाला बांधून द्यायची, आणि मग बायका मासळीपेक्षा मसाल्यासाठीच यायला लागल्या. गुडघे गेल्यावर पाटी सुटली, मसाला राहिला. सून म्हणून पूर्वी घरात आली ती बी.कॉम. होऊन. तिनं पाकीट आणलं, चित्र काढून घेतलं, नावाची सरकारदरबारी नोंद केली. नाव सासूचं, नोंद सुनेच्या नावावर. सासूनं आनंदानं सही केली होती. त्या दिवशी सासूच्या शेजारी बसून मिरच्यांची देठं खुडत असलेल्या अक्षतानं मान वर केली नव्हती.

अक्षता म्हणजे कृष्णाबाईची मुलगी, पूर्वीची नणंद, तिचा नवरा प्रज्योत याची धाकटी बहीण. परकर नेसायच्या वयापासून ती आईबरोबर उखळीपाशी बसलेली. तिनं बोरिवलीच्या सुशांतशी लग्न ठरवलं. तो कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा, कोळी नव्हे, म्हणजे जातीबाहेरचा. प्रज्योतनं तेव्हा एवढंच सांगितलं होतं की जायचं तर जा, मसाला मात्र या घरातला, तो याच घरात राहणार. आई मधे पडली नाही. तिला दोन्ही पोरं हवी होती, आणि दोघांनाही दुखवायचं नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. पुढं आई हॉस्पिटलात वारली, ते अक्षताला कुणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा ती थेट स्मशानात आली, लांब उभी राहिली, आणि तिथूनच परत गेली.

*

कृष्णाबाई मसाल्याच्या इंटरनेटवरच्या जाहिराती पूर्वीसाठी दिशा बघायची. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका छपाईच्या कारखान्यावरच्या माळ्यावर तिचं ऑफिस होतं. बोलताना खालच्या यंत्रांची थरथर टेबलातून हाताला जाणवायची. तिनं लॅपटॉप पूर्वीकडे वळवला.

"हे बघा. कृष्णाबाई मसाला टाकलं, तर वर ही. खाली आपण."

"नाव माझं आहे, दिशा. रजिस्टर्ड आहे."

"नाव तिनं घेतलंच नाहीये. जाहिरात वाचा ना, कुठं आहे तुमचं नाव? 'पारंपरिक कोळी मसाला, घरी कुटलेला.' बस. तुमचं नाव तिनं मागं ठेवलंय, कीवर्ड म्हणून. म्हणजे कुणीही हे नाव शोधलं की माझी जाहिरात दाखवा, अशी बोली लावायची. शोधणाऱ्याला ते दिसत पण नाही."

"आपणही तेच करतो?"

"आपण आपल्याच नावावर लावतो. नाही लावलं तर कुणीही वर येऊन बसतं."

"म्हणजे माझ्याच नावाला माझ्याच दारात रांग लावायची."

दिशा कसनुसं हसली. "असंच आहे ते. मोठमोठ्या कंपन्या एकमेकींना हेच करतात, यार. जाहिरातीत नाव लिहिलं असतं तर आजच्या आज तक्रार टाकून उतरवली असती. हे मागचं मात्र वकिलाला विचारा." मग जरा थांबून तिनं विचारलं, "ओळखता का तुम्ही हिला?"

पूर्वीनं पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच पुन्हा बंद केली.

संध्याकाळी प्रज्योत ओट्यावर जाळं विणत बसला होता. होडी दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढलेली, त्यामुळे तो घरीच होता. पूर्वीनं सगळं सांगितलं. त्याची सुई थांबली नाही.

"नोटीस धाड तिला."

"अक्षता आहे ती."

"म्हनून तर." त्यानं गाठ दातानं आवळली. "परक्यानं केला असता तर येवडा लागला नसता."

*

शिवदास वकील अंधेरीच्या कोर्टाजवळ बसायचे. त्यांनी नोंदणीचे कागद दोनदा चाळले.

"नाव तुमचं, यात शंका नाही. पण असं पडद्यामागं नाव ठेवणं म्हणजे ते वापरणं होतं का, यावर अजून भांडणं चालू आहेत. एका बाजूनं बोलणारे निकाल आहेत तसे दुसऱ्याही बाजूनं आहेत. शेवटी प्रश्न एकच येतो, गिऱ्हाईक फसलं का? तुमचा माल समजून त्यानं तिचा घेतला का? असं एखादं गिऱ्हाईक मिळेल?"

"मिळेल."

"मग आपली बाजू भक्कम." ते नोटिशीचा मसुदा सांगू लागले, समोरची मुलगी टाइप करत होती. "...सदर मसाल्याची मूळ पद्धत केवळ आमच्या अशिलांनाच अवगत असून..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरोबर ना?"

पूर्वी खिडकीकडे बघत होती.

"ते वाक्य नको," ती म्हणाली.

वकिलांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवरूनच तिनं रुक्मिणीबाईंना फोन लावला. तुमची फसगत झाली, तुम्ही आमचं नाव शोधलंत आणि भलताच माल पदरात पडला, एवढं लिहून द्याल का, असं विचारलं.

"अगोबाई, पण मी कुठं फसले?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आडमुठेपणा नव्हता, खरंखुरं कोडं होतं. "मी कृष्णाबाईंचा मसाला शोधला. तोच मला मिळाला."

नोटीस पर्समध्ये घालून पूर्वी घरी आली. सही करून वकिलांकडे परत द्यायची, की ते धाडणार होते. तिनं सही केली नाही, फाडलीही नाही. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांत हात फिरवताना तिच्या मनात एकच येत राहिलं, की पोस्टमन नोटिशीचं पाकीट घेऊन जाईल तेव्हा अक्षताचे हातही असेच मिरचीनं माखलेले असतील.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतला न सांगता ती मेट्रोत बसली.

*

अक्षतानं दार उघडलं आणि दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. अक्षताचे केस कानांपाशी पिकले होते. चेहरा अगदी आईसारखा दिसू लागला होता, विशेषतः हनुवटी.

"वहिनी," ती म्हणाली. मग दार पूर्ण उघडलं. "ये."

सुशांत कामावर गेला होता. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत जुन्या चादरीवर मिरच्या पसरलेल्या, भिंतीशी पाकिटांचे गठ्ठे. गॅसवर लोखंडी कढई होती. अक्षतानं पाणी दिलं आणि ती पुन्हा कढईकडे वळली. दगडफूल भाजायला टाकलेलं होतं. सोडून चालण्यासारखं नव्हतं.

पूर्वीला बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. अक्षतानं गॅस केव्हा मंद केला, केव्हा कढई उतरवली, वर झाकण ठेवलं की नाही, हे सगळं आता दिसणार होतं. एवढ्या वर्षांत जे तिला सासूनं दाखवलं नाही, किंवा तिनं नीट पाहिलं नाही, ते हातभर अंतरावर होतं. तिनं मान वळवली आणि खिडकीतल्या तुळशीकडे बघत राहिली, कढई खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत.

"आईंचं नाव लावलंयस तू," ती मग म्हणाली.

"पाकिटावर नाही लावलं."

"पाकिटावर नाही. मागं."

"हो," अक्षता म्हणाली. "मागं." तिनं पदराला हात पुसले, शेल्फवरचा फोन घेतला. "काढते."

पूर्वी वाटभर भांडणाची तयारी करत आली होती. कायदा, नोंदणी, घरातली माणसं, सगळं तिनं मनात रचून ठेवलं होतं. आता त्यातलं काहीच बोलायला उरलं नाही, आणि त्याचाच तिला राग आला.

"एवढं सोपं होतं तर लावलंस कशाला? ऑर्डरींसाठी?"

"ऑर्डरी येतात. खोटं कशाला बोलू." अक्षता फोन हातात धरून पाटावर बसली. "पहिल्यांदा लावलं ते त्यासाठीच. ज्यानं लावून दिलं त्यानं सांगितलं, कुणी हे नाव शोधलं की इथं आकडा वाढतो. मी म्हटलं, आईला जाऊन वर्ष झालं, आता तिला कोण शोधतंय. सकाळी उठून बघितलं तर आकडा वाढलेला. दुसऱ्या दिवशीही. मग सवयच लागली. दात घासायच्या आधी तेच बघायचे." तिनं समोरची एक मिरची उचलली, तिचं देठ खुडलं. "श्रावण लागला आणि माणसं कमी झाली, एकदम. मी घाबरले, वाटलं, विसरले लोक. आणि गणपती गेले, तशी सगळी परत आली. आईकडे यायची तशीच."

पूर्वीनं चादरीवरची एक मिरची जवळ ओढून घेतली.

"तुमच्याकडून मला काही कळायचं नाही ना. वर्षश्राद्ध केव्हा केलं, फोटो कुठला लावला, काहीच नाही. मला आपलं एवढंच कळायचं, आज आईला इतक्या जणांनी हाक मारली."

ती फोनवर वाकली. बोट एकदा अडखळलं, मग तिनं ते खाली टेकवलं.

"झालं. उद्यापासून नाही दिसणार."

फोन तिनं उपडा करून जमिनीवर ठेवला आणि चहा टाकायला उठली. पूर्वीला नको म्हणता आलं नाही. चहा पिताना दोघी मिरचीच्या भावाबद्दल बोलल्या, बेडगी यंदा चांगली नाही याबद्दल बोलल्या. निघताना अक्षता जिन्यापर्यंत आली. दादा कसा आहे, असं तिनं विचारलं नाही. पूर्वीनंही सांगितलं नाही.

"काढला का तिना?" चार दिवसांनी रात्री जेवताना, नोटीस गेली असं समजून प्रज्योतनं विचारलं.

"काढलं."

"मंग जाला."

त्यानं भाताचा पुढचा घास घेतला नाही मात्र. ताटातली आमटी कालवत राहिला, मग तसाच हात धुवायला उठला.

*

दिशाचा मेसेज आला, 'नाव आता पूर्ण आपलं!' सोबत टाळ्यांचं चित्र. ऑर्डरी वाढल्याही. पूर्वी मरोळला गेली तेव्हा दिशा पुढच्या महिन्याचं बोलत होती. मधेच पूर्वीनं विचारलं, "लोक नाव शोधतात ते दिसतं म्हणे आपल्याला?"

"दिसतं की. मी पाठवते दर महिन्याला. तुम्ही बघत नाही?"

पूर्वी फक्त शेवटची ओळ बघायची, किती पाकिटं गेली ती. आज तिनं खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर लोकांनी टाकलेले शब्द होते तसेच्या तसे. कृष्णाबाई मसाला वर्सोवा. कृष्णाबाई अंधेरी मार्केट फोन नंबर. कृष्णाबाई मावशीचा मसाला अजून मिळतो का. कुणी कुवेतहून शोधलं होतं. कुणी नुसतंच 'कृष्णाबाई कोळीण' एवढं लिहिलं होतं. त्याला मसाला हवा होता की बाई, हे कळायला मार्ग नव्हता. खाली कारखान्यातली यंत्रं थांबली, जेवणाची सुट्टी झाली असावी, आणि टेबलाची थरथर एकदम बंद झाली.

"दिशा, या खात्यात आणखी कुणाला नुसतं बघता येतं का? काही बदलता न येता?"

"येतं ना. ईमेल द्या."

पूर्वीनं सांगितला. टाइप करता करता दिशाची बोटं थांबली.

"पूर्वीताई, ही तर तीच. बोरिवलीवाली. कॉम्पिटिटरला आपलं खातं दाखवायचं? वाट लागेल आपली."

"कॉम्पिटिटर नाही," पूर्वी म्हणाली. "कृष्णाबाईंची मुलगी आहे ती."

दिशानं तिच्याकडे पाहिलं आणि उरलेली अक्षरं टाइप केली.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. अक्षतानं आमंत्रण स्वीकारल्याचं दिशानं कळवलं तेवढंच. पूर्वीनं घरी काही सांगितलं नाही. सही न केलेली नोटीस तिनं एके दिवशी कुटलेली मिरची चाळताना खाली अंथरायला घेतली.

मग एका सकाळी ती आणि प्रज्योत गच्चीवर होते. तो ताडपत्रीची टोकं दगडांनी दाबत होता, ती मिरच्या उलथत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिनं कोपरानं बटण दाबून तो कानाशी धरला.

"वहिनी, ऐक," अक्षता धापा टाकत असल्यासारखी बोलत होती. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. "लोक नाव चुकीचं पण टाकतात गं. क्रुष्णाबाई टाकतात. किसनाबाई टाकतात. मी आता टाकून बघितलं, तर वर ठाण्याच्या कुठल्या कंपनीचा मसाला येतोय. ते आपण घेतलेलंच नाहीये."

"नाही घेतलं," पूर्वी म्हणाली.

"मग घेऊया ना. बाजारात निम्मी माणसं तिला किसनाबाईच म्हणायची, आठवतं? ती शोधतील आणि भलत्याच दारात जातील. तुझ्या त्या दिशाला सांग. मला तिथं काही करता येत नाही, नुसतं दिसतं."

"सांगते. आणखी काय काय म्हणायचे आईंना?"

"ते मला सगळं नाही माहीत. मी शाळेत असायचे. पाटी उचलून द्यायला दादा जायचा."

प्रज्योत दगड हातात धरून उभा राहिला होता.

"कोनाचा फोन हाय?"

पूर्वीनं त्याच्याकडे पाहिलं. मग जे होतं तेच सांगितलं.

"अक्षताचा. बाजारात आईंना कोण कुठल्या नावानं हाक मारायचं, ते विचारतेय."

त्यानं दगड ताडपत्रीवर ठेवला. वाकलेलाच राहून तो टोक पुन्हा पुन्हा सारखं करत राहिला, जणू वारा सुटला होता. खाली गल्लीत कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं. मग पाठ न वळवता तो बोलू लागला, पूर्वीला ऐकू जायला लागेल त्याहून जरा मोठ्यानं.

"सात बंगल्याचा डाक्टर किसनाबाय म्हनायचा. मटनवाला चाचा नुसता बाय म्हनायचा. आनी ती पारशीन होती, चष्म्यावाली, ती किशी म्हनायची. आय तिच्यावर लय चिडायची."

पूर्वीनं फोन कानापासून थोडा लांब, त्याच्या बाजूला धरला.